टाकीचा बझर: सुट्टीतल्या कामाच्या नोंदी

काम काय: गच्चीवरची टाकी अर्धी भरली की स्वयंपाकघरात पिवळा दिवा लागावा, पूर्ण भरली की लाल दिवा आणि बझर. मोटर बंद करायची ती माणसानेच. रिले लावून मोटर आपोआप बंद करायची टूम काढायची नाही, असं मामाने आधीच बजावलंय.

जागा: नारायणगाव. मामाचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आणि आमचं घर.

५ एप्रिल

दहावी संपली. दुकानात बसायला परवानगी मिळाली, अट एकच: २३० व्होल्टला हात लावायचा नाही. उघडा टीव्ही, उघडा इन्व्हर्टर, प्लगात घातलेलं काहीही, लांबून बघायचं.

शाळेत आठवीपासून मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय होता. पाबळच्या विज्ञान आश्रमात घडलेला अभ्यासक्रम, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला तो आश्रम इथून फार लांब नाही. त्या तासाला वायर सोलणं, टेस्टर धरणं, स्विचबोर्ड भरणं झालं होतं. ट्रान्झिस्टर मात्र वहीतल्या आकृतीतच राहिला.

आज जोडायचं काही नाही, नुसतं मोजायचं. मामाने पिवळा मल्टिमीटर दिला. नवीन ९ व्होल्टची बॅटरी ९.३ दाखवते. रिमोटमधून काढून टाकलेला सेल १.३. म्हटलं, हा तर चांगलाय की! मामाने त्याला टॉर्चचा छोटा बल्ब लावला आणि पुन्हा मोजायला सांगितलं. ०.७. "लोडवर मोजत जा. नुसतं मोजलं तर मेलेला सेलपण जिवंत दिसतो."

८ एप्रिल

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सुटे भाग खोचून जोडायची पाटी), लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर (पिवळा-जांभळा-तपकिरी).

आधी कागदावर. बॅटरी ९.३, लाल एलईडीवर साधारण १.९ व्होल्ट खर्च होतात, उरले ७.४. भागिले ४७० म्हणजे १५.७ मिलिअँपिअर. मीटरवर आले १५.३. फरक कुठून आला म्हणून दिवा चालू ठेवून बॅटरी मोजली तर ९.१ झालेली. परवाचा सेल आठवला. बॅटरीच्या आतही रेझिस्टन्स असतो आणि करंट वाहू लागला की तो थोडे व्होल्ट खातो. ९.१ धरून हिशोब केला तर १५.३ बरोबर येतं.

पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. मीटरच्या डायोड रेंजवर (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा भाग, तो तपासायची रेंज) लाल एलईडी मिणमिणतो, पांढरा अजिबात नाही. मीटर बाहेर तेवढे व्होल्ट देतच नाही. त्यामुळे डायोड रेंजवर पांढरा एलईडी लागला नाही म्हणून तो फेकून देऊ नये.

११ एप्रिल

रेझिस्टर ओळखायला दुकानातल्या ट्यूबलाईटखाली जीव जातो. १ के (के म्हणजे हजार ओहम) म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारंगी, आणि स्वस्तातल्या पट्टीवर लाल-नारंगी सारखेच दिसतात. मामा रंग बघतच नाही, थेट मीटर लावतो. मीही तेच करणार. रंग पाठ आहेत, पण ते परीक्षेपुरते.

ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून उपटलेला सी ९४५ दिसायला हुबेहूब तसाच, पण त्याचा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस. दोन्ही एनपीएन (बेसला प्लस दिलं की चालू होणारी जात), दोन्ही काळे, तीन पायांचे. छपाई पुसलेली असली तर?

मामाची रीत: डायोड रेंज लावायची. लाल प्रोब एका पायावर ठेवून काळा प्रोब उरलेल्या दोघांवर आळीपाळीने टेकवायचा. दोन्हीकडे ६५०-७०० च्या आसपास आकडा आला तर लाल प्रोबखालचा पाय बेस, आणि ट्रान्झिस्टर एनपीएन. आता ते दोन आकडे नीट वाचायचे. एक दुसऱ्यापेक्षा चार-पाचने जास्त असतो. जास्त आकडा ज्या पायावर, तो एमिटर. डब्यातले सगळे पुसट ट्रान्झिस्टर आज असेच वेगळे केले. शाळेच्या पुस्तकात ही युक्ती का नाही कोण जाणे, यापेक्षा उपयोगाचं त्या धड्यात काहीच नव्हतं.

१५ एप्रिल

एलईडी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडून बेस मोकळा सोडला, एक बोट बॅटरीच्या प्लसला आणि एक बेसला लावलं. एलईडी मंद लागला. बोटं ओली केली तर चांगलाच उजळला.

कोरड्या बोटांचा रेझिस्टन्स मीटरवर १ मेगओहमच्या आसपास येतो. म्हणजे बेसमध्ये जेमतेम ८ मायक्रोअँपिअर जातात. मीटरच्या एचएफई खाचेत (बेसच्या करंटच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर सोडतो ते तिथे मोजतात) हा ट्रान्झिस्टर २९० दाखवतो. ८ गुणिले २९० म्हणजे सव्वादोन मिलिअँपिअर, मंद दिव्याला पुरे. हा गुणाकार स्वतःच्या बोटांनी केल्यावर "ट्रान्झिस्टर करंट वाढवतो" हे वाक्य पाठ करावं लागत नाही. तसा तो स्वतः काही वाढवत नाहीच. करंट बॅटरीचाच, हा फक्त वाट मोकळी करतो.

मग बोटांच्या जागी पाणी. आमच्या बोअरचं पाणी पेल्यात घेऊन दोन तारा बुडवल्या. मीटरवर आधी ३० के, मग ३२, ३५, वरवरच चाललंय. आकडा ठरत नाही. मामा म्हणाला, "पाण्याचा रेझिस्टन्स डीसीने मोजला की असंच होतं, बघू पुढे." त्याने "बघू पुढे" म्हटलं की समजायचं, काहीतरी घडणार आहे. आरओचं पाणी घेतलं तर आकडा कितीतरी वर गेला, चिमूटभर मीठ टाकलं की धाडकन खाली.

१९ एप्रिल

मामाबरोबर पुण्याला, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. यादी कागदावर लिहून नेलेली बरी, कारण काउंटरवर विचार करत उभं राहायला जागा नसते. "४७० ओहम द्या" म्हटलं की उलट प्रश्न: पाव वॉट की अर्धा? आमच्या कामाला पाव वॉट भरपूर. ४७० ओहममधून १५ मिलिअँपिअर म्हणजे ०.१ वॉट.

आणलं: बीसी ५४७, रेझिस्टरच्या पट्ट्या, झिरो पीसीबी (नुसती भोकं आणि तांब्याचे गोल असलेली पाटी), बझर, ७८०९ (व्होल्टेज ९ वर पक्कं धरणारी आयसी), ५५५ आणि त्याचे आठ पायांचे बेस (यादीत ५५५ मामाने घातला, कशाला ते सांगितलं नाही), १एन ४१४८ डायोड, १०४ लिहिलेले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग). १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, तेवढे पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

२२ एप्रिल

सोल्डरिंग. २५ वॉटची गन, ६०/४० ची वायर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं, १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते).

सगळे नवशिके म्हणे गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतात आणि तो जोडावर लिंपतात. तसं केलं की वायरीतला फ्लक्स (जोड साफ करणारी राळ) वाटेतच जळून जातो आणि थेंब नुसता चिकटून बसतो. गनचं टोक पायाला आणि तांब्याच्या गोलाला एकदम टेकवायचं, दोन मोजायचे, आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने जोडाला लावायचा, गनला नाही. तो आपोआप पायाभोवती पळतो. आधी गन काढायची नाही, आधी वायर काढायची. गार होईपर्यंत पाय हलला तर जोड मातकट, खरखरीत दिसतो. त्याला दुकानात "ड्राय" म्हणतात. मामाच्या धंद्यातली निम्मी कमाई याच ड्राय जोडांवर आहे, असं तोच सांगतो.

धूर येतो तो राळेचा, शिशाचा नाही. तरी पंखा बाजूने लावायचा आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे. आजीला "शिसं" एवढंच ऐकू आलं, त्यावरून घरी थोडं भाषण झालं.

२६ एप्रिल

बसवलं! अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपवर तीन ठिकाणी तांब्याच्या तारेची उघडी टोकं: तळाशी कॉमन (दोन्हींना सामाईक, प्लस), मध्ये "अर्धी", वर "भरली". मधली आणि वरची तार प्रत्येकी १० के मधून आपापल्या बीसी ५४७ च्या बेसला. खाली यायला बारा मीटर टेलिफोनची चारतारी वायर.

दिवे रात्रंदिवस चालू राहणार म्हणून बॅटरी उपयोगाची नाही. जुन्या कॅसेट प्लेअरचा जडसर अडॅप्टर मिळाला. वर १२ व्होल्ट लिहिलंय, मोजले तर १६.८. खराब नाही. आत नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर असलेले अडॅप्टर लोड नसताना असेच चढलेले असतात, पूर्ण लोडवर ते लिहिलेल्या आकड्याजवळ येतात. म्हणून पुढे ७८०९ टाकला, दोन्ही बाजूंना एकेक १०४. आता पक्के ९.

बझर सारखा वाजू नये म्हणून एक "गप्प" स्विच दिलाय. आईने तो पहिल्याच सकाळी वापरला.

४ मे

सकाळपासून पिवळा दिवा कधी लागतो, कधी नाही. टाकी निम्म्याच्या वर भरलेली. पाईप बाहेर काढला.

तळाचं टोक ओळखू येईना. लावलं तेव्हा १ मिलिमीटर जाडीची लालसर, लखलखीत तार होती. आता सुईसारखी निमुळती झालीय, वर काळा थर, आणि प्लास्टिक जिथे सुरू होतं तिथे हिरवट-निळी पेस्ट जमलेली. नखाने खरवडलं तर टोकाचा तुकडा पडलाच. मधल्या टोकाचं उलटं: तार तेवढीच जाड, पण तिच्यावर पांढरं कडक कवच, गीझरच्या कॉइलवर बसतं तसलं. सगळ्यात वरचं टोक जवळजवळ नवंच, कारण ते पाण्यात बुडतं थोडाच वेळ.

मामा हसला आणि म्हणाला, "आता सांग, कशाने?"

प्लसला लावलेलं तांबं विरघळून पाण्यात जातं. मायनसकडे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, तिथलं पाणी अल्कधर्मी होतं आणि जड पाण्यातला चुना तारेवर बसतो. दहावीच्या विज्ञानात विद्युत अपघटन होतं, आकृतीसकट. आम्ही ते टाकीत चालवत होतो. "गप्प" स्विच बझरच्या वायरीत आहे, पाण्यातून जाणारा करंट त्याने थांबत नाही.

५ मे

दादाची (मामेभाऊ, बारावी झालीय) मदत घेऊन हिशोब केला. ९ व्होल्ट वजा बेसचे ०.७, भागिले १० के अधिक पाण्याचे ३० के: साधारण ०.२ मिलिअँपिअर. एलईडीच्या करंटपुढे काहीच नाही. पण आठ दिवस सतत म्हणजे जवळपास १४० कूलॉम, आणि एका कूलॉमला तांबं जातं ०.३३ मिलिग्रॅम. एकूण ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. १ मिलिमीटर जाडीच्या, १ सेंटिमीटर लांब तारेचं वजनच ७० मिलिग्रॅम आहे! सगळा करंट तांबं विरघळवण्यातच जातो असं धरलंय, खरं थोडं कमी असेल. तरी टोक सुईसारखं का झालं ते कळलं.

मी म्हटलं, जाड तार लावू. दादा म्हणाला, स्टीलचे स्क्रू लाव. मामा म्हणाला, दोन्हींनी फक्त वेळ लांबेल. पाण्यातून डीसी जाऊच द्यायचा नाही.

म्हणजे यादीतला ५५५ यासाठी होता.

१० मे

५५५ ही टायमर आयसी (ठरावीक वेगाने चालू-बंद होत राहणारी चिप) हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केली, १९७२ पासून ती बाजारात आहे. मामापेक्षा वयाने मोठी, आणि अजून तपकीर गल्लीत मूठभर मिळते.

पाय ८ ते ७ मध्ये १ के, ७ ते ६ मध्ये १० के, २ आणि ६ जोडून तिथून ग्राउंडला १०४. वारंवारता = १.४४ भागिले (१ के + दोनदा १० के) गुणिले ०.१ मायक्रोफॅरड. ६८६ हर्ट्झ येते. पाय ३ ला बझरऐवजी जुन्या रेडिओचा स्पीकर लावला (मध्ये कपॅसिटर आणि रेझिस्टर): बारीक, चिरका सूर. कपॅसिटर बदलून सूर खाली-वर करण्यात दुपार गेली. कामाचं नव्हतं ते, पण सूत्र कानाने ऐकायला मिळालं.

पाय ३ चं व्होल्टेज शून्य आणि साडेसातच्या दरम्यान उड्या मारतं. म्हणजे अजूनही एकाच दिशेचं. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून बाहेर काढलं की त्यातला डीसी अडतो, फक्त वर-खाली होणं पलीकडे जातं.

१३ मे

निकाल. पेढे. काम नाही.

१६ मे

पाण्यातून आलेली ही वर-खाली लाट बेसला द्यायची कशी? प्रोबकडून १०४ मधून आत घेतलं, पुढे एक डायोड, मग १० मायक्रोफॅरड, तिथून १० के आणि बेस. पाण्यात बुडवलं. एलईडी क्षणभर लागला आणि विझला. पुन्हा बुडवलं तर लागतच नाही.

मामाने उत्तर दिलं नाही, एकच विचारलं: "१०४ मध्ये चार्ज गेला. परत यायला वाट कुठाय?" डायोड एका दिशेनेच सोडतो. एकदा कपॅसिटर भरला की पुढे काही सरकत नाही. दुसरा डायोड ग्राउंडकडून त्या सांध्याकडे लावला, खालच्या अर्ध्या लाटेत तो कपॅसिटर रिकामा करून देतो. आता प्रत्येक लाटेला थोडा चार्ज पुढे ढकलला जातो, विहिरीवरच्या रहाटासारखा: एक पोहरा वर येताना दुसरा भरायला खाली जायला हवा. दिवा स्थिर.

लाल दिवा आणि बझर एकाच ट्रान्झिस्टरवर टाकले तर बझर मलूल वाजतो, कारण बेसला आता आधीपेक्षा कमी करंट मिळतो. लाल एलईडीचा रेझिस्टर ४७० चा १ के केला. दिव्यात फरक कळत नाही, बझर मात्र खणखणीत.

पेल्यातल्या दोन्ही टोकांमध्ये डीसी मोजला: ०.०२ व्होल्ट.

२० मे

मामाचा ट्रान्झिस्टर रेडिओ मीडियम वेव्हवर पुणे केंद्राला, ७९२ किलोहर्ट्झला लावलेला असतो. मी सर्किट चालू केलं की त्यात गुरगुर. ६८६ हर्ट्झ कुठे आणि ७९२ किलोहर्ट्झ कुठे! पण चौकोनी लाट म्हणजे मूळ सूर आणि त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे सूर, बारीक होत होत थेट तिथपर्यंत पोचतात. कडा जितकी तीव्र तितके वरचे सूर जास्त. पाय ३ नंतर १ के घालून कडा बोथट केली, गुरगुर रेडिओपासून हातभर अंतरावर बंद झाली.

शेजारी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, आजूबाजूला पसरलेल्या धरून ३० आहेत. आकाशातून येणारे इतके क्षीण रेडिओ संकेत पकडायचे तर भोवतालच्या ठिणग्या आणि गुरगुरीचा किती त्रास होत असेल, ते या रेडिओवरून थोडं कळलं. मामा म्हणाला, "तुझ्या बझरने त्यांचं काही बिघडत नाही. पण सवय चांगली."

२४ मे

टेबलावर उत्तम चालतंय. मग पेल्याऐवजी बारा मीटरची वायर मध्ये घेतली आणि टोकं पाण्याबाहेर काढली. दोन्ही दिवे मंद चालूच!

टोकं कोरडी आहेत, एकमेकांपासून लांब आहेत. वायर कापून बघितली तर आत कुठे शॉर्ट नाही. वायर अर्ध्यावर तोडली तर दिवा आणखी मंद. म्हणजे टोकांचा दोष नाही, लांबीचा आहे. मामाच्या दुसऱ्या मीटरवर कपॅसिटन्स मोजता येतो: शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये पूर्ण लांबीला ०.६ नॅनोफॅरड. दोन लांब तारा, मध्ये प्लास्टिक, हा कपॅसिटरच झाला. डीसी असताना त्याचा पत्ताही नव्हता. आता एसी आहे, तर पाण्याशिवाय तारेतल्या तारेत पलीकडे जातोय.

किती जातो? वारंवारता गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्ट: साधारण २.६ मायक्रोअँपिअर. पाणी असताना येतात शंभराच्या वर. फरक भरपूर आहे, फक्त तेवढ्या थोड्याला ट्रान्झिस्टरपासून दूर ठेवायचं. बेस ते एमिटर १०० के (तपकिरी-काळा-पिवळा) लावला. बेस ०.६ व्होल्टपर्यंत चढल्याशिवाय ट्रान्झिस्टर जागा होत नाही, आणि तिथे पोचायला १०० के मधूनच ६ मायक्रोअँपिअर जावे लागतात. २.६ तिथेच मुरतात. दिवे विझले. पाणी लावलं, लागले.

या सुट्टीत सगळ्यात आवडलेला रेझिस्टर हाच. नेटवरच्या आकृत्यांमध्ये तो कधी असतो, कधी नसतो, आणि असला तरी कशाला ते कुणी लिहिलेलं नसतं.

३० मे

तोडलेल्या वायरीऐवजी त्याच जातीची नवीन घेतली. प्रोब म्हणून स्टेनलेसचे बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानात चुंबक घेऊन गेले, जे चिकटले नाहीत तेच घेतले. तांब्याची वायर आणि बोल्ट जिथे भेटतात ती जागा पाईपच्या आत, एम-सीलने बंद. सर्किट स्वयंपाकघरात, टिफिनच्या जुन्या प्लास्टिक डब्यात.

१४ जून

पाऊस सुरू झाल्यावर पाईप मुद्दाम बाहेर काढून बघितला. बोल्टवर अगदी पातळ पांढुरका थर, तिन्हीवर सारखाच. हिरवं, काळं काही नाही. लिंबाने पुसला, निघाला. पाईप ओला असताना खोटा दिवा लागत नाही.

आई बझर वाजला की उठते, मोटर बंद करते. "गप्प" स्विचला हात लागत नाही.

शेजारच्या काकूंना हवाय. त्यांची टाकी मागच्या इमारतीवर, वायर पंचवीस मीटर होईल. कपॅसिटन्स सव्वा नॅनोफॅरड धरला तर साडेपाच मायक्रोअँपिअर येतात. १०० के सहापर्यंतच झेलतो, फार काठावर. तिथे ४७ के लावणार, आणि वायरची गुंडाळी आधी टेबलावर जोडून बघणार.